नवीन डॉक्टरांना लक्ष न लागण्याबद्दल कसं सांगू?

मदत हवी आहे. नेहमीचे डॉक्टर रिटायर झाले, आता नवीन डॉक्टरांकडे पहिल्यांदाच जायचंय. लक्ष न लागण्याचा त्रास मला शाळेपासून आहे, पुस्तक उघडं आणि मी भलतीकडेच, आता मीटिंग संपली की शेजारच्याला विचारते काय ठरलं, बिलं भरायची राहतात, मेल अर्धवट लिहून तसेच पडलेले. जुन्या डॉक्टरांना म्हटलं तर टेन्शन घेऊ नका म्हणाले, विषय संपला. आता मीच एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) म्हटलं तर त्यांना वाटेल नेटवर वाचून गोळ्या मागायला आलीये, आणि नाही म्हटलं तर परत टेन्शनच. पहिल्याच भेटीत काढावा का विषय? शाळेची प्रगतिपुस्तकं आईने जपून ठेवलीत, ती नेली तर हसतील का? बीपीची गोळी चालू आहे.

प्रतिसाद १:
हसत नाहीत गं, नक्की ने. मोठ्या माणसाचं निदान करताना लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून होती का हे बघतात, शिवाय त्रास एकाच ठिकाणी नाही, घरी आणि कामावर दोन्हीकडे हवा. 'हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते' असा बाईंचा शेरा सापडला तर सोनंच. एडीएचडी शब्द बिनधास्त वापर, फक्त आधी काय काय अडतं ते दोन-तीन उदाहरणं देऊन सांग आणि मग विचार की हे ते असेल का, नसेल तर अजून काय तपासायचं. थायरॉइड, बी12, लोहाची कमतरता, डिप्रेशन, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, कशानेही लक्ष उडतं, त्यामुळे आधी रक्त तपासायला लावलं तर टाळतायत असं समजू नकोस. पुढे बहुतेक सायकियाट्रिस्टकडे पाठवतील.

प्रतिसाद २:
बीपीचं आधी सांगा! एडीएचडीवरची औषधं, मिथाइलफेनिडेट काय किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन काय, दोन्हींनी बीपी आणि नाडी वाढू शकते. जागतिक आरोग्य संघटनेचा एएसआरएस म्हणून मोठ्यांच्या एडीएचडीसाठी सहा प्रश्नांचा फॉर्म आहे तो घरीच भरून न्या, त्याने निदान होत नाही पण बोलायला सुरुवात होते. अपॉइंटमेंट घेतानाच जरा जास्त वेळ मागा.

धागाकर्ती:
थँक्यू दोघांनाही. प्रगतिपुस्तकं आईकडून मागवते. घोरण्याचं नवऱ्याला विचारायला हवं, आणि तो काय सांगणार ते मला आत्ताच माहितीये.