लाकडाचा ग्रेन : रेषा, रेशा की आणखी काही?

लेखणीवाला : नाशिकरोडला आम्ही सात-आठ जण रविवारी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून सोलायच्या यंत्रावर, पेन करतो. नवख्यांसाठी मराठीत दोन पानी टिपण लिहायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला अडलो. लाकडाच्या चौकोनी कांडीचे दोन तुकडे करायचे, दोन्हीत ७ मिलिमीटरची पितळी नळी चिकटवायची आणि जोडताना खालच्या-वरच्या तुकड्याचा ग्रेन, म्हणजे लाकडातल्या तंतूंची ठेवण, जुळवायचा. फोनला विचारलं, तर म्हणतो 'धान्य संरेखित करा'. बाजार समितीत पाठवतो की काय! मी 'रेषा जुळवा' लिहिलं. वडील म्हणाले, या तर तळहातावरच्या झाल्या. मग म्हणायचं काय?

सुतारपक्षी : रेशा. पोटफोड्या ष नाही, शहामृगातला श. 'रेशा बघून रंधा मार' हे ऐकतच मोठा झालो. उलट्या रेशाला रंधा लागला की टवके उडतात, मग घासत बसा. रेषा आम्ही पेन्सिलीने आखतो ती.

गोदाकाठ : रेशा फारसी आहे, मूळ किंवा तंतू या अर्थाचा. आपल्याकडे 'तंतू' असताना उसनवारी कशाला? 'तंतुरेखा' लिहा. 'महापौर', 'दिनांक' देणारे सावरकर इथल्या भगूरचे, आणि आपण नाशिककरच फारसी शब्द कवटाळून बसायचं?

सुतारपक्षी : रंधासुद्धा फारसीतूनच आलाय. तो काढून काय हाती घेऊ? मिस्त्रीला 'तंतुरेखा जुळव' म्हटलं तर पटाशी खाली ठेवून माझ्याकडेच बघत बसेल.

येवलेकरीण : पैठणीत ताणा उभा, बाणा आडवा. माझे आजोबा सुतारकाम करायचे, ते लाकडालाही 'उभं' आणि 'आडवं' एवढंच म्हणायचे. आडव्या तोंडात, म्हणजे कापलेल्या टोकात, स्क्रू पिळला की ओरडायचे, 'तिथं धरणार नाही तो!' आणि मला तर वाटतं रेशा नि रेशीम एकाच घरचे. दोन्ही धाग्याचेच ना?

गोदाकाठ : नाही हो ताई. रेशीम 'अबरेशम'वरून आलं. सोयरीक जुळत नाही.

येवलेकरीण : बरं, राहिलं. पण शिंप्याकडे चौकड्याचा शर्ट टाकताना आपण काय सांगतो? 'खिशाची चौकडी चौकडीला लावा.' तसं 'रेशाला रेशा लावा' लिहा की. ते 'संरेखित' कशाला हवंय?

लेखणीवाला : हे आवडलं. आता खरी अडचण सांगतो. करवत मधलं दोनेक मिलिमीटर खातेच, त्यामुळे रेशा तिरका असला की सांध्यापाशी उडी दिसते. सरळ रेशाच्या सागात ती लपते. तुकडे उलटसुलट होऊ नयेत म्हणून कापण्याआधी कांडीवर उभी रेघ मारतो, पण लेथवर ती सोलून जाते. म्हणून मधल्या सांध्याकडच्या तोंडाला नळीच्या आत मार्करचा ठिपका ठेवतो. एवढं करून ते पेन पिळलं, रिफिल बाहेर आली, की वरचा भाग अर्ध्या वळशाच्या आसपास फिरतो आणि सगळी जुळणी पाठमोरी! मग रेशा लावायचा तो पेन बंद असताना की लिहिताना? मी लिहितानाचा धरतो. आमच्यातले दोघे म्हणतात, पेन जास्त वेळ खिशात असतं, बंदच जुळव.

पंचवटीकर : 'ते पेन'? तो पेन म्हणा. आमच्या घरात कुणी 'ते पेन' म्हणत नाही.

सुतारपक्षी : ते पेन. पुस्तक ते, पेन ते.

पंचवटीकर : मग वही ती कशी झाली?

येवलेकरीण : माझी नागपूरची जाऊ 'ती पेन' म्हणते. तिला बोलावू का?

गोदाकाठ : लेखणी म्हणा, स्त्रीलिंगी, वाद मिटला.

सुतारपक्षी : लेखणी बोरूची. लेथवर निघतो तो पेन. (हो, मीच आत्ता 'तो' लिहिलं. राहू दे.) लेखणीवाले, आट्यांच्या टोपणाचं वेगळं दुखणं आहे. तीन सुरुवातींचे आटे, म्हणजे तीन जागांहून सुरू होणारे, असतील तर टोपण तीन जागी बसतं, रेशा जुळतो एकाच जागी. गिऱ्हाईक उरलेल्या दोन जागी लावून विचारतं, 'हे असं वाकडं का?' एकाच सुरुवातीचे आटे काढले तर दर वेळी जुळतं, पण टोपण फिरवून फिरवून मनगट दुखतं.

लेखणीवाला : टिपणात सध्या 'रेशाला रेशा लावा' लिहिलंय, शेजारी चित्र काढलंय. लाकूड जुन्या वाड्याच्या तुळईचं आहे, साग. आतून अजून तेलकट वास येतो.

पंचवटीकर : तुळई कसली, त्या जाडीला कडीच म्हणत असतील. जाडी किती होती?

लेखणीवाला : नऊ इंच.

पंचवटीकर : मग तुळई. पण पेन तो.