सिंगापूर ते क्वालालंपूर वाटेत मलाक्का, एकच रात्र, फक्त खाण्यासाठी: काय काय जमेल?

पोटोबा_पुणे: नमस्कार मंडळी, नोव्हेंबरात मी आणि बायको सिंगापूरहून बसने क्वालालंपूरला जाणार आहोत आणि मध्ये एक रात्र मलेशियातल्या मलाक्काला थांबायचं चाललंय. शनिवारी दुपारी पोचू, रविवारी दुपारनंतर निघू. म्युझियम बघायचा हट्ट नाही, खाण्यातच रस आहे. मी सगळं खातो, ती मासे-चिकन खाते पण बीफ-पोर्क नाही. सगळ्या व्हिडिओत तेच चिकन राइस बॉल आणि चेंडोल (नारळाच्या दुधातलं बर्फाचं गोड), पण जिथे पोर्तुगीज, डच, इंग्रज राज्य करून गेले आणि मलय, चिनी, तमिळ लोक पिढ्यानपिढ्या राहतायत तिथे ह्याहून जास्त काहीतरी असणारच ना? कधी कुठे जावं सांगा प्लीज.

सिंगापूरचा_दादा: जरूर थांबा, पण शनिवारी सकाळी लवकरात लवकरची बस घ्या. तसे चार तास पण बॉर्डरला दोन्हीकडे इमिग्रेशन, वीकेंडला तिथेच दुपार होते, आणि न्योन्या जेवण दुपारचंच खरं, बरीच हॉटेलं जेवणाची वेळ संपली की बंद करतात. पूर्वी आलेले चिनी व्यापारी इथलेच झाले, त्यांच्या घरातला स्वयंपाक म्हणजे न्योन्या. तिथे आयाम बुआ केलुआक मागवा. केलुआक ही एका झाडाची बी, कच्ची विषारी असते, म्हणून उकळून मग राखेत बरेच दिवस पुरून ठेवतात आणि शिजवायच्या आधी परत भिजवतात. चिंचेच्या रश्शात चिकनबरोबर ही काळी टणक बी येते, वरून फोडलेली असते, लहान चमच्याने आतला काळा मऊ गर काढायचा आणि भातात कालवायचा. कडवट, मातकट, तेलकट, पहिल्या घासाला विचित्र लागतं आणि तिसऱ्या घासाला आपण बी खरवडत बसलेलो असतो. वहिनींसाठी आयाम पोंगतेह, सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टमधलं चिकन-बटाटा. मेनूत बाबी दिसलं की ते पोर्क, आणि काही किचनमध्ये दोन्ही शिजतं त्यामुळे चालत नसेल तर हलाल न्योन्या हॉटेल शोधा, तशीही आहेत.

चेंडोल मात्र सोडू नका, सगळे दाखवतात म्हणून ते कमी होत नाही. त्यातला गुला मलाका म्हणजे आपल्या गोव्याकडचा माडाचा गूळच, तो पातळ करून बर्फावर आणि नारळाच्या दुधावर ओततात, धुरकट खारट गोड लागतो. एक ढेप घरी न्या.

मडगावची_मुलगी: शनिवार संध्याकाळ जाँकर स्ट्रीटच्या नाइट मार्केटमध्ये घालवू नका हो, शुक्र-शनि-रवि भरतं, नुसती गर्दी. ग्रॅब म्हणजे ॲपवरची टॅक्सी करून पोर्तुगीज सेटलमेंटला जा, साधारण तीन किलोमीटर, समुद्राला लागून ओळीने स्टॉल. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने 1510 ला गोवा घेतलं आणि 1511 ला मलाक्का, त्या वेळच्या पोर्तुगीजांचे आणि इथल्या लोकांचे वंशज म्हणजे हे क्रिस्तांग लोक, बरीच घरं मासेमारी करणारी. केळीच्या पानातला भाजलेला मासा तर घ्याच पण मी गेले होते ती देबाल करीसाठी. मूळची नाताळच्या दुसऱ्या दिवशीची, उरलेलं मटण-चिकन व्हिनेगर, मोहरी आणि भरपूर मिरचीत शिजवायचं. आता स्टॉलवर चिकनची मिळते, ऑर्डर देताना विचारून घ्या. माझ्या आजीच्या विंदालूच्या आंबटपणाची सवय असलेल्या जिभेला पहिल्या घासातच ओळख पटली, फक्त इथे गलांगल (आल्यासारखं मूळ) आहे म्हणून वास वेगळा.

आणि सेंट पॉल टेकडीवर पाच मिनिटं तरी चढा. जुन्या गोव्यात ज्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शव आहे ते आधी 1553 मध्ये काही महिने ह्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलं होतं. आता छप्पर नाही, नुसत्या भिंती आहेत.

गावभर_हिंडणारी: राइस बॉलच्या रांगेत उभं राहू नका, मी स्पष्टच सांगते. भात तोच, चिकन तेच, फक्त गोळे केलेत, आणि शनिवारी रांग तासभर. तो वेळ पुतु पिरिंगला द्या, तेंगकेरा भागात. तांदळाच्या पिठात गुला मलाका भरून छोट्या साच्यात वाफवतात, वर ओलं खोबरं, आपला उकडीचा मोदक आठवेल, फक्त पीठ कोरडं आणि भुसभुशीत. हातात घेतल्या घेतल्या खा, गार झाला की घट्ट होतो.

रविवारी सकाळी तुकांग एमास रस्त्यावर जा, श्री पोय्याथा विनायगर मंदिर आहे, 1781 चं, डचांच्या काळात तमिळ चिट्टी लोकांनी बांधलेलं. त्याच रस्त्यावर कांपुंग क्लिंग मशीद आणि जवळच चेंग हून तेंग हे चिनी देऊळ. गणपतीचं दर्शन घ्या आणि मग नाश्त्याला रोटी चनाई (पराठ्यासारखी) किंवा नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात).

पोटोबा_पुणे: मनापासून आभार सगळ्यांचे! सकाळची पहिलीच बस बघतो, दुपारी केलुआक, रात्री देबाल, राइस बॉल कॅन्सल. बायकोला आंबट-तिखट माशाचं कालवण हवंय, रविवारी दुपारी काय करावं?

सिंगापूरचा_दादा: आसाम पेदास. मलय लोकांचं, चिंच-मिरचीचा लाल पातळ रस्सा, त्यात भेंडी आणि पाकट. हो पाकटच, तिथे इकान पारी म्हणतात. वहिनींना काट्यांचा कंटाळा असेल तर उत्तमच, त्यात फक्त मऊ कुर्चा असतात. दुपारी बारापर्यंत गाठा म्हणजे माशांचे सगळे प्रकार शिल्लक असतात, आणि तिथून ग्रॅबने मलाका सेंट्रल बस स्टँडला, क्वालालंपूर साधारण दोन तास. बसचं तिकीट आधीच काढून ठेवा, रविवारी परतणाऱ्यांची गर्दी असते.