कामगारांची, युद्धविरोधकांची बाजू घेणारा रेडिओ हवा की नको?

रानवारा:
आपल्याकडे कम्युनिटी रेडिओला, म्हणजे संस्था आपल्या भागापुरतं चालवतात त्या छोट्या स्टेशनला, स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे ओव्या चालतात, फवारणीचा सल्ला चालतो, पण शेजारच्या एमआयडीसीत कंत्राटी पोरं संपावर बसलीत हे बातमी म्हणून सांगायचं नाही! सुप्रीम कोर्ट १९९५ सालीच म्हणालंय की रेडिओच्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. अमेरिकेत लुइस हिल नावाच्या माणसाने, ज्याने दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला होता, १९४९ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत केपीएफए हे रेडिओ स्टेशन सुरू केलं, जाहिराती नाहीत, सगळं श्रोत्यांच्या वर्गणीवर. त्यातूनच पॅसिफिका नेटवर्क उभं राहिलं. त्यांच्या न्यूयॉर्क स्टेशनचा बातमीदार १९६५ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, थेट शत्रूच्या राजधानीत, हनोईला जाऊन आला. ह्यूस्टनच्या स्टेशनचा ट्रान्समीटर १९७० साली कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या लोकांनी एकदा नाही, दोनदा बॉम्बने उडवला, तरी ते परत ऑन एअर आले. असा रेडिओ आपल्याकडे का नको?

तटस्थ_नगरकर:
सपशेल असहमत. बाजू घेणारा रेडिओ म्हटलं की मला रवांडा आठवतो. आरटीएलएम हे स्टेशन १९९३ ला सुरू झालं आणि १९९४ च्या नरसंहारात लोकांची नावं, गाड्यांचे नंबर वाचून दाखवत होतं, कोणाला शोधून मारायचं ते. आणि आपलंच बघा ना, लायसन्स मिळतं संस्थेला, आता तालुक्यातल्या संस्था कोणाच्या खिशात असतात हे काय मी सांगायला पाहिजे का, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला तो माईक कामगाराच्या हातात असेल की कारखान्याच्या चेअरमनच्या पुतण्याच्या?

रानवारा:
आरटीएलएमच्या मागे तिथल्या सत्तेतली माणसं होती हो, ते दुबळ्यांचं स्टेशन नव्हतंच. पुतण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही, पण मग पैसा कुठून येतो आणि बोर्ड कोण निवडतं यावर कडक नियम करा ना, बातमीवर बंदी कशाला? १९९९ मध्ये पॅसिफिकाच्या वरच्या मॅनेजमेंटने केपीएफएला टाळं लावलं, कर्मचारी बाहेर, तेव्हा श्रोते हजारोंनी रस्त्यावर उतरले. पुढे स्टेशनचं बोर्ड श्रोते आणि कर्मचारी मतदानाने निवडायला लागले. वर्गणी भरणारा माणूस असा हक्क सांगतो.

सॅनहोजेची_सून:
मी बर्कलीच्याच पट्ट्यात राहते म्हणून लिहिते. निवडून आलेली बोर्डं म्हणजे सगळं छान असं समजू नका, गटबाजी प्रचंड, डोक्यावर कर्ज, २०१९ ला पॅसिफिकाच्या न्यूयॉर्क स्टेशनचे, डब्ल्यूबीएआयचे, स्थानिक कार्यक्रम पॅसिफिकाच्याच नॅशनल ऑफिसने एका सकाळी बंद केले, महिनाभराने परत चालू. फंड ड्राइव्ह, म्हणजे वर्गणी गोळा करायची मोहीम, लागला की नेहमीचा कार्यक्रम मधेच थांबवून पैसे मागतात, तेही दिवसेंदिवस. तरी मी वर्गणी भरते. १ मे २००८ ला इथल्या गोदी कामगारांनी इराक युद्धाच्या विरोधात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं एका पाळीपुरती बंद ठेवली होती. अशा वेळी माल किती अडकला हे कुठलंही चॅनल सांगेल, पण क्रेनवरच्या माणसाला युद्ध का नकोय हे त्याच्या तोंडून दहा मिनिटं सलग कोण ऐकवणार?

गिरणगाव_७:
+१. आणि मुंबईतच १९४२ ला उषा मेहता आणि साथीदारांनी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, जेमतेम तीन महिने, मग अटक. तो काय तटस्थ होता?

तटस्थ_नगरकर:
तेव्हा परकं सरकार होतं, आज कोर्ट आहे, पेपर आहेत. पैशाच्या नियमाचं मान्य. पण खोटी बातमी गेली तर ज्याची बदनामी झाली त्याने जायचं कुठे? वर्गणीदारही त्यांचाच, बोर्डही त्यांचंच. याची सोय होत नाही तोवर माझा विरोध कायम.

रानवारा:
जिथे पेपरवाल्याविरुद्ध जाता तिथेच, बदनामीचा कायदा रेडिओला लागू नाही थोडाच. तालुक्यात कोणीही रजिस्ट्रेशन करून साप्ताहिक काढतो, त्यात कारखान्याच्या थकलेल्या बिलांबद्दल छापतो, सरकार आधी अडवत नाही. तीच बातमी १०० वॅटच्या, धड पंधरा किलोमीटरही न पोचणाऱ्या स्टेशनवरून, वाचता न येणाऱ्या ऊसतोड बाईला ऐकवली तर गुन्हा कसा होतो, ते सांगा.