मदत हवी आहे: दंडारीच्या चित्रफिती रॉयल्टीमुक्त स्वरूपात ठेवण्यासाठी एव्ही१ घ्यावे की व्हीपी९?

नमस्कार मंडळी,

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील एका गावच्या वाचनालयासाठी ही मदत हवी आहे. दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये रंगतात. गेल्या काही हंगामांत वाचनालयातर्फे आम्ही या प्रयोगांचे चित्रीकरण केले असून, ते कोणालाही विनामूल्य पाहता यावे यासाठी वाचनालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचे ठरले आहे. निवडक भाग विकिमीडिया कॉमन्सवरही द्यायचे आहेत, आणि तिथे एच.२६४ची एमपी४ फाईल घेतली जात नाही; वेबएम या फाईल-प्रकारातले व्हीपी९ किंवा एव्ही१ चालते (एच.२६४, व्हीपी९ आणि एव्ही१ या चित्रफीत दाबून लहान करून साठवण्याच्या पद्धती आहेत). यूट्यूबवर टाकून मोकळे व्हा, असा सल्ला बरेच जण देतील. तिथे प्रती ठेवूच, पण जे स्वरूप वापरायला कोणाला शुल्क द्यावे लागत नाही अशा स्वरूपातली एक प्रत गावाच्या हाती असावी, याबद्दल आम्ही ठाम आहोत.

परवान्यांबाबत मला समजले ते असे. एच.२६४ हे २००३ सालचे; त्यावरची पेटंट्स अनेक कंपन्यांची असून परवाने एका सामाईक पेटंट-संचातून दिले जातात. प्रेक्षकांना फुकट दाखवल्या जाणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर शुल्क आकारणार नाही, असे त्या संचाने २०१० मध्ये जाहीर केले, त्यामुळे आमच्यावर आज कसलाही बोजा येत नाही हे मान्य आहे. तरीही जतनाची प्रत दुसऱ्याने दिलेल्या सवलतीवर विसंबून ठेवू नये असे मला मनापासून वाटते. एच.२६५साठी तर एकाहून अधिक संच झाल्याने ते आम्ही विचारातूनच काढले. उरले व्हीपी९ (२०१३) आणि गूगल, मोझिला, सिस्को, नेटफ्लिक्स आदींनी २०१५ मध्ये स्थापन केलेल्या अलायन्स फॉर ओपन मीडियाचे एव्ही१ (२०१८). पेटंटचे परवाने देणाऱ्या सिसव्हेल या कंपनीने २०१९ मध्ये या दोन्हींसाठी पेटंट-संच जाहीर केले, मात्र त्यांतले दर उपकरणांमागे आहेत. म्हणजे फिती तयार करून ठेवणाऱ्या वाचनालयाचा त्याच्याशी संबंध येत नाही, हा माझा अर्थ बरोबर आहे का, ते जाणकारांनी सांगावे.

मुख्य प्रश्न प्रेक्षकांच्या फोनचा आहे. आमच्याकडे बहुतेकांच्या हाती स्वस्तातले अँड्रॉइड फोन आहेत. त्यांपैकी अनेकांत व्हीपी९ उलगडणारे हार्डवेअर असते, एव्ही१चे सहसा नसते. तिथे ते काम सॉफ्टवेअरवर येते, आणि व्हिडिओलॅनचा डेव्हिड (dav1d) हा एव्ही१ उलगडणारा डिकोडर कितीही चपळ असला तरी ७२०पीची फीत थोडा वेळ चालली की फोन तापतो, बॅटरी झरझर उतरते, आणि दंडारीचा फेर जलद झाला की नाचणाऱ्यांचे पाय जागच्या जागी अडकल्यासारखे दिसतात. दुसरीकडे, त्याच दर्जासाठी एव्ही१ची फाईल व्हीपी९पेक्षा लहान होते, आणि संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाल्यावर हा फरक फार मोलाचा ठरतो. ज्यांचे नेटवर्क सर्वांत कमजोर त्यांनाच एव्ही१ची गरज जास्त, आणि त्यांच्याच फोनला ते सर्वांत जड, असा हा पेच आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या मुलांकडचे जुने आयफोन तर एव्ही१ मुळीच चालवत नाहीत. ॲपलने त्यासाठी हार्डवेअर दिले ते २०२३च्या आयफोन १५ प्रोपासून. म्हणून नाइलाजाने एच.२६४ची एक प्रत शेवटच्या पर्यायासाठी ठेवावी लागेल.

पानावर व्हिडिओ टॅगमध्ये आधी एव्ही१, मग व्हीपी९, मग एच.२६४ असा क्रम लावला, तर ब्राउझर आपल्याला चालवता येणारा पहिलाच स्रोत उचलतो. तो सुरळीत चालेल की फोनला दमवेल, हे तो पाहत नाही. ब्राउझरमधल्या मीडिया कॅपॅबिलिटीज एपीआयला (फोनला फीत कितपत झेपेल हे सांगणाऱ्या सोयीला) विचारल्यास ‘स्मूथ’ (सुरळीत) आणि ‘पॉवर एफिशियंट’ (बॅटरी जपून) अशी दोन वेगळी उत्तरे मिळतात. या दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले तरच एव्ही१ द्यावे, अन्यथा व्हीपी९, असे केल्यास स्वस्त फोनवर ही उत्तरे भरवशाची असतात का? की सरळ व्हीपी९ पहिले ठेवून, ४८०पीच्या लहान फाईलपुरतेच एव्ही१ वापरावे?

दुसरी शंका चित्राबद्दल आहे. आमचे चित्रण रात्रीचे, एखाद-दोन हॅलोजनच्या उजेडात केलेले आहे. मागच्या अंधारात सतत चित्रातले दाणे (ग्रेन) नाचतात आणि पायांखालून उडणारी धूळ प्रकाशात आली की फाईल एकदम फुगते. एव्ही१मध्ये दाणे काढून टाकून ते पाहताना पुन्हा निर्माण करण्याची सोय आहे. एसव्हीटी-एव्ही१ या एव्ही१ फाईल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती लावल्यास चेहऱ्यावरची रंगरेषा, शाहिराच्या फेट्याचे काठ पुसट तर होत नाहीत ना? निदान जतनाच्या प्रतीसाठी ही सोय बंद ठेवावी असे मला वाटते. आवाजासाठी ओपस हे ध्वनिस्वरूप नक्की केले आहे, त्याबाबत शंका नाही.

यंत्र म्हणाल तर वाचनालयाचा जुना डेस्कटॉप आहे आणि मधूनच लाईन जाते, त्यामुळे रात्रभराचा प्रयोग एका दमात एन्कोड होऊ शकत नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे स्वतंत्र एन्कोड करून एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने जोडल्यास सांध्यावर ढोलकीचा ठोका तुटू नये यासाठी काय काळजी घ्यावी? एसव्हीटी-एव्ही१चा कोणता प्रीसेट (वेग आणि दर्जा ठरवणारी पातळी) अशा यंत्रावर परवडेल, हेही कृपया आपल्या अनुभवावरून सांगावे.

कोणाला प्रत्यक्ष करून पाहायचे असल्यास हॅलोजनच्या उजेडातली एका मिनिटाची मूळ फीत पाठवता येईल. त्यासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.