आत्याचे दात गेले, बाबांचे शाबूत: शिक्षणाचा खरंच संबंध असतो का? (मदत हवी आहे, नागपूर)

जुनीशुक्रवारी:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत. एक घरगुती आणि तातडीचा, दुसरा डोक्यात घोळणारा.

आत्या ७० वर्षांची, बाबा ६७. सख्खी भावंडं, कुही तालुक्यातल्या एकाच घरात वाढलेली. एकच विहीर, एकच चूल. बाबा पुढे नागपूरला येऊन बी.कॉम. झाले आणि सरकारी खात्यात लागले. आत्याची शाळा चौथीत सुटली. गावात पुढचे वर्ग नव्हते आणि पोरीला बाहेरगावी पाठवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. लग्न मांढळकडे झालं. सारा जन्म धानाच्या रोवणीत आणि मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडण्यात गेला. आज बाबांच्या तोंडात दोन सोडून सगळे दात आहेत, त्यातल्या चार दाढा रूट कॅनल करून कॅप बसवलेल्या. आत्याच्या तोंडात खालचे समोरचे पाच दात, वर एकही नाही.

तिला परवा नागपूरला आणलं. इथल्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की पाचही काढा, वर-खाली पूर्ण कवळी करू. आत्या खूश. "काढून फेका म्हणा एकदाचे, कायले झंझट!" सोबत आतेभाऊ होता, वय ४०, मालवाहू ऑटो चालवतो. त्याची खालची दाढ महिनाभरापासून ठणकते. डॉक्टर म्हणाले रूट कॅनल होईल. खर्च ऐकून त्यानेही आईचाच मार्ग धरला.

तर पहिला प्रश्न: दोघांच्या बाबतीत डॉक्टरांना नेमकं काय विचारावं? नागपुरात कमी खर्चात नीट उपचार कुठे होतील?

दुसरा प्रश्न असा की कमी शिकलेल्या लोकांचे दात जास्त पडतात असं वाचलं. मी ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं तर बाबा चिडले. "म्हणजे ताई अडाणी म्हणून तिचे दात गेले का? तिच्याएवढी टापटीप बाई दाखव मला." ताट सारून उठून गेले. त्यांचा राग मला पटतो, पण फरक तर समोर दिसतोय. जाणकारांनी सांगावं.

पाटणसावंगीवाला:

आनुवंशिक असतं हो ताई. माझ्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडी वापरली, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचे.

दंतकथा:

मी दंतवैद्य आहे, उमरेड रोडकडे दवाखाना आहे. आधी भावाचं बघू, घाई तिथे आहे.

वर्णनावरून ती खालची पहिली दाढ वाटते. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. दुधाचा एकही दात न पडता सगळ्यांच्या मागे उगवते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. किडली तर "पडेल आणि नवीन येईल" म्हणून सोडून देतात. नवीन काही येत नाही. काढण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या दाढांमध्ये हिचा नंबर बहुधा पहिला.

काढली की ठणका थांबेल, हे खरंच आहे, ते त्याच्यापासून लपवू नका. पण मग मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, वरची खाली उतरते, अन्न अडकायला लागतं आणि चावणं सगळं दुसऱ्या बाजूवर जातं. पुढे तिथे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) किंवा इम्प्लांट (हाडात रोवलेला) करायचं म्हटलं तर रूट कॅनलपेक्षा जास्तच पैसे लागतात. डॉक्टरांना एवढं विचारा: कॅप बसेल इतकी दाढ वर शिल्लक आहे का? उभी चीर गेलीय का? एक्स-रेत हाड कसं दिसतं? उत्तरं वाईट आली तर काढणंच बरोबर. प्रत्येक दाढ वाचवायचा हट्ट धरू नये.

खर्चाचं म्हणाल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. हिंगणा रोडकडेही खाजगी दंत महाविद्यालयं आहेत, तिथेही दवाखान्यांपेक्षा दर कमी असतात. काम शिकाऊ डॉक्टर करतात, वरून शिक्षक तपासतात. हात हळू चालतो, फेऱ्या जास्त होतात, कामात मात्र कसर नसते. आधी ओरल मेडिसिनला, म्हणजे तपासणीच्या विभागात, दाखवायचं, मग रूट कॅनलसाठी कन्झर्वेटिव्ह विभागात पाठवतात, कवळीसाठी प्रॉस्थोला (कृत्रिम दातांच्या विभागात).

आता मोठा प्रश्न. तुमच्या बाबांच्या चार दाढांना कॅप आहेत म्हणालात ना? म्हणजे कीड त्यांनाही लागली होती! आम्ही डीएमएफटी नावाचं मोजमाप वापरतो: किडलेले, गेलेले आणि भरलेले दात, तिन्हींची बेरीज. शिकलेल्या, नोकरदार माणसाची बेरीज "भरलेले" या रकान्यात जमते, आत्यासारख्यांची "गेलेले" या रकान्यात. लेखात "दात पडतात" असं लिहिलेलं असतं, पण दात किती वेळा आपोआप पडतो? बऱ्याच वेळा तो काढला जातो. म्हणजे खुर्चीत बसल्यावर कुणीतरी तसा निर्णय घेतलेला असतो.

तो कसा होतो ते बघा. रूट कॅनलला दोन-तीन फेऱ्या, कॅपचं माप द्यायला एक, बसवायला एक. बाबांनी प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली असेल, पगार कापला गेला नाही. आत्या सातऱ्यावर जितके किलो खुडेल तितके पैसे. मांढळहून नागपूरला आली की तो दिवस गेला, एसटीचं भाडं वेगळं. एका फेरीत दुखणं संपवणारा इलाज एकच, काढणे. हिशोब तिचा चुकलेला नाही.

आणि आमच्या धंद्याबद्दलही सांगतो, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल. पेशंटच्या कपड्यांवरून "याला परवडणार नाही" असं मनात ठरवून दुसरा पर्याय तोंडातून न काढणारे डॉक्टर कमी नाहीत. शिकलेला पेशंट विचारतो, "वाचणार नाही का?" आत्यासारखी बाई "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते.

पाचपावलीकर:

हे सगळं ठीक आहे डॉक्टर, पण खर्रा? नागपुरात बसून दातांवर बोलायचं आणि खर्ऱ्याचं नाव नाही काढायचं? सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. ऑटोवाला भाऊ खात नसेल तर मी नाव बदलीन. गुटखाबंदी २०१२ ची, पानठेल्यावर काय फरक पडला? उगाच शिक्षणाचा मुलामा कशाला देता? डिग्रीवाले प्रोफेसर खर्रा खातात, माझ्या ओळखीत आहेत.

सांख्यिक:

सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते, म्हणून थोडी लुडबुड.

पाचपावलीकर, प्रोफेसर खातात हे मान्य. पण शंभर प्रोफेसर आणि शंभर हमाल घेतले तर प्रमाण सारखं निघेल का? भारतात तंबाखू शिक्षणाबरोबर पायरीपायरीने कमी होत जाते. म्हणजे खर्रा हा शिक्षणाच्या विरोधातला पुरावा नाही. शिक्षण ज्या वाटांनी दातांपर्यंत पोचतं त्यातली ती एक वाट आहे, आणि आपल्याकडे तर मोठी. फक्त एकुलती एक नाही. तंबाखू, ब्रश, उत्पन्न हे सगळं हिशोबात धरल्यावरही शिक्षणाचा फरक बऱ्याच अभ्यासांत पूर्ण पुसला जात नाही.

जुनीशुक्रवारी, असे आकडे वाचताना आधी वय बघायचं. म्हातारी माणसं कमी शिकलेली असतात आणि त्यांचे दातही कमी असतात, त्यामुळे वय न बघता केलेली तुलना फुगलेली दिसते. एकाच वयाच्या माणसांची तुलना केली तरी फरक उरतो, तो खरा. तुमच्या घरातली तुलना त्या मानाने चांगली आहे, तीनच वर्षांचं अंतर. पण लग्नानंतर पाणी आणि गाव बदललं, हे विसरू नका.

संशोधक शिक्षणच का धरतात, तर ते तरुणपणीच ठरून जातं. उत्पन्न मागेपुढे होतं आणि आजारपणानेही घटतं. दात पडले म्हणून कुणाची चौथी काही मिटत नाही. आपल्याकडे १९७६ ची कुप्पुस्वामी पट्टी अजून वापरतात, त्यात शिक्षण, व्यवसाय आणि कुटुंबाचं उत्पन्न तिन्ही येतात, रकमा मात्र महागाईप्रमाणे बदलत राहतात. आणि फरक फक्त निरक्षर विरुद्ध साक्षर असा नसतो. दहावीवाल्यापेक्षा पदवीधराचे दात बरे, चौथीवाल्यापेक्षा दहावीवाल्याचे, अशी उतरंड असते.

"अडाणी" शब्दावर बाबा चिडले ते बरोबरच. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या पाहणीत प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. शाळा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सक्तीची होती! त्या काळी सगळे काढून कवळी बसवणं हीच तिथली रीत होती. २००९ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. लोक काही चाळीस वर्षांत अचानक शहाणे झाले नाहीत. फ्लोराइडची पेस्ट आली, उपचाराची पद्धत बदलली, लोकांची अपेक्षा बदलली. आपल्याकडे हा बदल आधी बाबांपर्यंत पोचला, आत्यापर्यंत अजून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरातल्या साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे २३ टक्के पूर्ण बोळके असल्याचा अंदाज आहे.

पाचपावलीकर:

बरं बाप्पा, मानलं. पण भावाला खर्रा सोडायला सांगाच.

अनुजा_द:

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी वरची दाढ दुखते तरी काढत नाहीत आणि दाखवतही नाहीत. "वरचा दात काढला का नजर जाते" हे पक्कं डोक्यात. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, हे दुसरं. हसू नका, माझी इंजिनियर नणंदही हेच म्हणते. फरक इतकाच की तिला तिच्या डॉक्टरने दहा मिनिटं बसवून समजावलं. मावशींना कोण समजावणार?

दंतकथा:

अनुजाताई, नजरेच्या नसा वेगळ्या आणि दाताच्या वेगळ्या, मावशींना माझ्या वतीने सांगा. सफाईचं असं की हिरडी आधीच सुटलेली असते आणि दगडासारखा जमलेला थर दाताला टेकू देत असतो. थर निघाला की आधीपासून हलणारा दात हलताना जाणवतो. सफाईने काही सैल होत नाही.

जुनीशुक्रवारी:

सगळ्यांचे आभार. बाबांना सांख्यिकताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतः आत्याला घेऊन मेडिकलला गेले, तेव्हा समजून घ्या. भाऊही गेला (खर्रा खातो, पाचपावलीकरांना नाव बदलायची गरज नाही). एक्स-रेत हाड चांगलं आहे, दाढ वाचेल म्हणाले. फेऱ्यांचा प्रश्न होता. दुपारी माल कमी असतो, म्हणून त्याने तिथल्या डॉक्टरांना तारखांचं विचारलं तर त्यांनी जमवून दिलं. हे विचारता येतं हेच त्याला माहीत नव्हतं.

आत्याचं जरा गुंतागुंतीचं निघालं. रक्तातली साखर जास्त निघाली, आजवर कुणी तपासलीच नव्हती. आणि तिथे विचारल्यावर पहिल्यांदा कळलं की ती रोज सकाळी गुडाखू (तंबाखूची पेस्ट) घासते, लग्न झाल्यापासून. आम्हाला वाटायचं मंजन आहे! पाचपैकी तीन दात हलतात, कडेचे दोन सुळे घट्ट आहेत. आता काय करावं? गुडाखू एकदम बंद केली तर त्रास होईल का?

दंतकथा:

साखर कळली हे चांगलं झालं. साखर आणि पायरिया (हिरड्यांचा आजार) एकमेकांना वाढवतात. साखर जास्त असली की हिरडी लवकर सुटते, आणि हिरडीतला संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. आधी फिजिशियनला दाखवा, औषध सुरू होऊ द्या. साखर उतरल्याशिवाय दात काढायची घाई नको, जखम भरायला वेळ लागतो.

दोन सुळे घट्ट असतील तर ते उपटू देऊ नका, निदान प्रॉस्थोच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. खालची पूर्ण कवळी जिभेने सारखी उचलली जाते, बहुतेकांची तक्रार तीच असते. सुळ्यांची मुळं ठेवून त्यावर कवळी बसवता येते, ती जागची हलत नाही. वरची कवळी टाळूला धरून राहते, तिची फारशी चिंता नसते. दात काढल्यावर हिरडी बसायला काही आठवडे द्यावे लागतात. तोवर मऊ भात, वरण, कुस्करलेली भाकरी. आत्याचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही ज्येष्ठांना कवळी मिळते. शिबिरं लागतात, तहसीलला चौकशी करा.

गुडाखू बंद केल्यावर चिडचिड, डोकं दुखणं, शौचाला त्रास असं काही दिवस होतं. त्याने अपाय नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण गुडाखू दुकानात मिळतेच. सकाळी तिच्या हातात डबी असते त्या वेळी फ्लोराइडची साधी पेस्ट द्या, बोटाने घासली तरी चालेल. आणि तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा गालाला ताठरपणा आहे का ते दोघांचंही बघून घ्या. भावाला खर्ऱ्यामुळे तोंड उघडायला कमी पडत असेल तर रूट कॅनल करतानाच अडचण येते. त्याची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते आजच बघा आणि इथे कळवा.