सेकंडहँड 75 एचपी फोर व्हील ट्रॅक्टर घ्यावा का? रविवारपर्यंत सांगायचंय

सांवेररोड
नमस्कार मंडळी. 75 एचपीचा फोर व्हील, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ असलेला ट्रॅक्टर मिळतोय, सेकंडहँड. पहिल्या सेल्फला सुरू होतो, धूर नाही, रंगही चांगला आहे. मालक म्हणतो रविवारी दुसरं गिऱ्हाईक येणार. घ्यावा की नाही एवढंच सांगा. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथे त्यावरूनच जुंपते.

जुना_मिस्त्री
भिया, एवढ्यावर कोण काय सांगणार? साल कोणतं, मीटर किती, आधी कुठे चाललाय, तुमची जमीन किती, मागे काय जोडणार? आणि रंग चांगला असेल तर उलट जास्त बघा. विकायच्या आधी सगळेच मारतात.

गोदाकाठ
सेकंडहँडच्या नादी लागूच नका. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. नवा घ्या, वॉरंटी मिळेल, रात्री शांत झोप लागेल. मी नवाच घेतला.

सांवेररोड
नवा घ्यायचा असता तर इथे कशाला विचारलं असतं? 75 चा नवा फोर व्हील केवढ्याला पडतो ते आम्हालाही माहीत आहे.

जुना_मिस्त्री
चिडू नका. जीएसटीचा मुद्दा तुमच्याच कामाचा आहे. नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरला पाहिजे. मालक कर कमी होण्याआधीचा भाव धरून बसला असेल तर नव्याचं कोटेशन खिशात घालून बोलायला जा.

बैल_ते_बोलेरो
फोर व्हील म्हणजे नुसतं फॅड. आमच्या वडिलांनी 50 चा टू व्हील वापरला. मागच्या टायरांत पाणी भरायचं, पुढे वजनं लावायची, बस. इंदूरजवळच्या देपालपूरची काळी माती त्याच्यावरच नांगरली. पुढचा एक्सल बिघडला की खर्च बघा, मग आठवण येईल माझी.

रब्बीवाला
@बैल_ते_बोलेरो, पाणी भरून वजन वाढतं हे खरं, पण ते वजन ओल्या काळ्या मातीच्या उरावरच बसतं ना! सोयाबीन काढून शेत मोकळं झालं की गव्हाची घाई असते. वरून वाफसा दिसतो आणि खाली चार बोटांवर ओल असते. अशा वेळी टू व्हीलची मागची चाकं जागच्या जागी फिरतात. दहा-पंधरा टक्के घसरण शेतात चालायचीच, पण पंचवीसवर गेली की डिझेल मातीत. पुढची चाकंही ओढायला लागली की मागच्यांची घसरण कमी होते. फॅड नाही हो, साधा हिशोब आहे.

बैल_ते_बोलेरो
वाफसा आल्याशिवाय शेतात जायचंच कशाला? वडील नाही जायचे.

रब्बीवाला
वडिलांच्या वेळी हार्वेस्टरवाला तारीख देऊन निघून जात नव्हता.

सांवेररोड
माझ्या प्रश्नाचं काय? बरं, घ्या माहिती. इंदूरजवळ सांवेरच्या पुढे जमीन, भावकीची धरून 130 बिघे. सोयाबीन, गहू, थोडा बटाटा. सुपर सीडर (धसकटं मातीत मिसळून पेरणारं यंत्र) आणि पलटी नांगर लावायचाय. ट्रॅक्टर 2021 चा, मीटरवर 2900 तास, पंजाबातून आलाय. आता तरी सांगा.

गोदाकाठ
बिघा म्हणजे किती गुंठे?

रब्बीवाला
आमच्याकडे हेक्टरला साधारण 4 बिघे धरतात, म्हणजे बिघ्याला 25 गुंठे. साडेबत्तीस हेक्टर झाले त्यांचे.

गोदाकाठ
अरे वा, मग परवडेल. मला वाटलं चार-पाच एकरवाले असतील.

पंप_बरा
2021 चा आहे ना? मग डोळे झाकून घ्या. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4, म्हणजे धुराचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरचे सगळे कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल फवारणारे), सेन्सर, ईसीयूवाले (ईसीयू म्हणजे तोच कॉम्प्युटर). हातात पाना घेऊन उघडायचे दिवस गेले, मिस्त्री आधी लॅपटॉप मागतो. मेकॅनिकल पंपवाला मोठा फोर व्हील आता जुन्यातच मिळणार.

हायटेक_हातोद
डोळे झाकून काहीही घेऊ नका. आणि कॉमन रेलच्या नावाने बोंब मारणारे डिझेल कसं भरतात ते बघा. गंजक्या ड्रममधून, वर फडकं धरून. त्यात पाणी आणि कचरा गेला की इंजेक्टर जाणारच. स्वच्छ डिझेल द्या, फिल्टर वेळेवर बदला, तेच इंजिन कमी डिझेलमध्ये जास्त काम देतं.

पंप_बरा
ड्रम माझा आहे, फडकंही माझं आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पंपापर्यंत जाऊन यायला अर्धा दिवस जातो.

शेतकरी_मित्र_काका
मध्य प्रदेश सरकारच्या ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज टाकावा. लॉटरीत नाव लागले तर सुपर सीडरवर अनुदान मिळते. आधार, जमिनीची कागदपत्रे, बँकेचा डीडी तयार ठेवावा. जय किसान.

सांवेररोड
काका, सुपर सीडर आहे माझ्याकडे. मी ट्रॅक्टरबद्दल विचारतोय.

शेतकरी_मित्र_काका
छान. मग नरवाई (कापणीनंतरची धसकटे) जाळू नये. जमिनीतले जिवाणू मरतात.

महूची_ताई
काकांचं बरोबर आहे, पण धाग्यात नको. सांवेररोड, तुम्ही "पंजाबातून आलाय" हे सहज लिहून गेलात, मला तिथेच थांबावंसं वाटलं. तिकडे भाताची चिखलणी असते. ट्रॅक्टर तासन् तास गुडघाभर चिखलात चालतो, पुढच्या एक्सलचे दोन्ही हब (चाकाजवळचे गिअरचे डबे) पाण्यात बुडालेले. ऑइल सील गेली की पाणी आत शिरतं. इंजिन कितीही गोड चालो, हे बाहेरून कळत नाही.

तर करा असं. आधी चाकाच्या आतल्या बाजूला हबखाली बघा, ओलसर तेलकट माती चिकटलेली आहे का. मग हबचा खालचा प्लग थोडा ढिला करून चार थेंब ऑइल बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय. उन्हात धरल्यावर बारीक चकचकीत कणी दिसली तर गिअर नाहीतर बेअरिंग झिजतंय. दोन्ही बाजूंचं बघा, एकाच बाजूचं बघून उठू नका. नंतर जॅक लावून पुढचं चाक उचला आणि वर-खाली हलवा. खटखट झाली तर किंग पिन (चाक वळतं ती खीळ) नाहीतर बेअरिंग.

मालक प्लग उघडू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

जुना_मिस्त्री
ताईंनी माझं काम वाचवलं. मीटरवर विश्वास ठेवू नका, बदलता येतो. क्लच पेडलचं रबर, सीटची कड, ड्रॉबारचं (मागे ट्रॉली जोडायच्या पट्टीचं) भोक किती लांबट झालंय ते बघा. इंजिन तापल्यावर ब्रीदरच्या नळीवर (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडते ती) हात धरा, फकफक हवा मारत असेल तर रिंग-पिस्टनचा खर्च धरा. आणि लिफ्ट गरम ऑइलवर तपासा. पलटी नांगर वर उचलून इंजिन बंद करा. बघता बघता खाली बसला तर भाव पाडा. गार असताना सगळेच उचलतात.

सराफा_रात्री
कागदांचं कोणीच बोललं नाही. पंजाबची नोंदणी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28 हवा. नावावर करायला 29 आणि 30. कर्जावर घेतलेला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नाहीतर आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. इंजिन आणि चेसिस नंबर लोखंडावरून वाचा, आरसीच्या झेरॉक्सवरून नाही. एजंट "नंतर करून देतो" म्हणाला तर पैसेही नंतर द्या.

सांवेररोड
आभारी आहे सगळ्यांचा. कागद मागितलेत, एनओसी आहे म्हणतोय. उद्या सकाळी जाऊन ऑइल बघतो. तसा पुढच्या बाजूला प्रश्न नसावा, पुढचे दोन्ही टायर कोरे आहेत, आत्ताच टाकलेत.

महूची_ताई
कोरे? मग पुढच्या टायरवर काय नंबर आहे, मागच्यावर काय आहे, आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात काय छापलंय ते आणा. तिन्ही.

सांवेररोड
टायरच्या नंबराने काय होणार ताई? काळं रबर काळं रबर.

महूची_ताई
टू व्हीलमध्ये तसं म्हणता येतं, फोर व्हीलमध्ये नाही. पुढचं आणि मागचं चाक गिअरने बांधलेलं असतं. पुढच्यांनी मागच्यांपेक्षा किंचित जास्त धावायचं असतं, एक ते पाच टक्के, म्हणजे पुढचं ओढत राहतं. कोणी स्वस्त मिळाला म्हणून कमी मापाचा टायर टाकला की उलटं होतं. मागची चाकं ढकलतात, पुढची ब्रेक लावतात. टायर लवकर झिजतात आणि सगळा ताण पुढच्या शाफ्टवर आणि गिअरवर येतो.

मोजायला पाना लागत नाही. मागच्या आणि पुढच्या चाकावर खडूने रेघ मारा. मोकळ्या सपाट शेतात मागे काही न लावता सरळ चालवा. फोर व्हील जोडून मागच्या चाकाच्या 10 फेऱ्यांत पुढचं किती फिरलं ते मोजा. मग फोर व्हील सोडून तेवढंच परत. जोडल्यावर जास्त फिरलं पाहिजे.

बैल_ते_बोलेरो
आमच्याकडे सगळे कुठलेही टायर टाकतात, काही होत नाही.

जुना_मिस्त्री
तुमच्याकडे सगळे टू व्हील आहेत, तुम्हीच सांगितलंत वर.

सांवेररोड
जाऊन आलो. पुस्तकात पुढे 12.4-24, मागे 18.4-30. मागचे बरोबर आहेत. पुढे 11.2-24 टाकलेत, म्हणजे कमी मापाचे. फोर व्हील सोडून पुढचं चाक बरोबर 14 फिरलं, जोडून पावणेचौदालाही थोडं कमी. म्हणजे ताई म्हणतात तसं उलटंच. डाव्या हबचं ऑइल साफ होतं. उजवीकडचा प्लग गंजलाय म्हणून मालक उघडू देत नव्हता.

महूची_ताई
साधारण दोन टक्के उलटं आलं. टायर किती दिवस असे आहेत ते विचारलंत का? पेरणीच्या हंगामात फोर व्हील जोडून चाललेला असेल तर एक गोष्ट, नुसता रस्त्यावर आणला असेल तर वेगळी.

सांवेररोड
पंजाबातून निघताना टाकले म्हणतो. जुने फाटले होते. खरंखोटं देव जाणे. मी दोन 12.4 टायरांचे पैसे आणि उजव्या हबचं काम भावातून कमी करायला सांगितलंय. शनिवारी आमचा मिस्त्री घेऊन जातोय, तो प्लग कापून काढेल, नवा आम्ही बसवून देऊ. तयार झाला तर ठीक, नाहीतर रविवारच्या गिऱ्हाइकाने घ्यावा.

गोदाकाठ
लिफ्ट गरम ऑइलवर बघितली का?

सांवेररोड
नाही. शनिवारी नांगर घेऊन जातो.