अनुदानित, विनाअनुदानित आणि मधले टक्के

खडूफळा : शिक्षक भरतीच्या जाहिरातींत 'अंशतः अनुदानित', 'विनाअनुदानित', 'स्वयंअर्थसहाय्यित' असे शब्द येतात. शेवटच्या दोहोंत फरक काय? सरकार दोन्हीकडे पैसे देत नाहीच ना? आणि 'आमची शाळा चाळीस टक्क्यांवर आहे' म्हणजे नेमकं काय?

कोयनाकाठ : आधी एक घोळ निस्तरू. 'खाजगी' आणि 'अनुदानित' हे विरुद्धार्थी शब्द नाहीत. रयत शिक्षण संस्थेच्या कितीतरी शाळा खाजगी आहेत आणि अनुदानितही. व्यवस्थापन संस्थेचं, पगार सरकारी तिजोरीतून. अनुदान म्हटलं की स्टाफरूममध्ये अर्थ एकच, पगार. वीजबिल, खडू, डागडुजी यांसाठीचं ते 'वेतनेतर अनुदान', आणि त्याची रड जुनीच.

आता टक्के. 'चाळीस टक्क्यांवर' म्हणजे मान्य पदांच्या पगाराचा 40 टक्के भाग सरकार देतं. पायऱ्या 20-20ने चढायच्या, म्हणून 'टप्पा अनुदान'. वरचे 60 संस्थेने द्यावेत अशी कागदावरची अपेक्षा. प्रत्यक्षात देतात का, ते कुणालाही विचारा!

शब्दकीटक : व्याकरणाने 'अननुदानित' हवं होतं. 'विनाअनुदान तत्त्व' ठीक आहे, पण त्याला 'इत' जोडून केलेलं विशेषण कानाला खटकतं.

कोयनाकाठ : खटकू दे. 'अननुदानित' मोर्च्यात ओरडून दाखवा.

खरी मेख 'कायम' या शब्दात आहे. पूर्वी विनाअनुदानित म्हणजे 'अजून अनुदान नाही'. काही वर्षं कळ काढली की मिळे. 2001मध्ये सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच मान्यता द्यायचं ठरवलं. त्या 'अजून'वर काट बसली. संस्थांनी शाळा तरीही काढल्या, शिक्षकही लागले, कारण सरकार कधीतरी नमेल हा सगळ्यांचा हिशेब. तो चुकला नाही. आंदोलनं झाली आणि 2009मध्ये तो एक शब्द शासन निर्णयाने वगळला. 'कायम काढला' म्हटलं की शिक्षकांना पुढचं सांगावं लागत नाही. पैसे मात्र लगेच आले नाहीत. आधी मूल्यांकन, मग त्रुटी, मग त्रुटींची पूर्तता. पहिले 20 टक्के मंजूर व्हायला 2016 उजाडलं. शब्द खोडायला कागद पुरतो, पगाराला तरतूद लागते.

तिफण : त्यातलाच 'अघोषित' राहिला. मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळांच्या याद्या सरकार जाहीर करतं. यादीत नाव आलं की 'घोषित', नाही तर 'अघोषित'. बाहेरच्याला वाटावं, ही शाळा लपूनछपून चालते.

कोयनाकाठ : अगदी. आता मूळ प्रश्न. 'स्वयंअर्थसहाय्यित' शाळा 2012च्या स्वतंत्र कायद्याखालच्या. अनुदान मागायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. विनाअनुदानितवाला रांगेत उभा असतो, हा रांगेतच नसतो.

खडूफळा : म्हणजे यांना सरकारकडून काहीच नाही?

तिफण : थेट नाही म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, त्यांची फी सरकार ठरलेल्या दराने शाळेला देतं. त्याला 'शुल्क प्रतिपूर्ती' म्हणतात. अनुदान शिक्षकांच्या पगारासाठी, प्रतिपूर्ती मुलामागे. थकण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही सख्ख्या बहिणी.